देवाचा वाटा कुणी भरला?

१

"ही थोरली नाही," उस्ताद म्हणाले, आणि त्यांनी पेला खाली ठेवला.

चाखायच्या खोलीत तेव्हा जेवढी माणसं होती, तेवढ्यांचे पेले तोंडाच्या वाटेवर थबकले. धाकट्यांनी तर घोट आधीच घेतला होता. तो गिळावा की थुंकावा हे न कळून ते गाल फुगवून ताईंकडे बघत राहिले.

थोरली म्हणजे तळघराच्या पार टोकाला, सगळ्यांपासून वेगळं आडवं पडलेलं एक पिंप आणि त्यातली दारू. कारखान्यात पिंपं शेकड्यांनी, पण नाव असलेलं हे एकच. ताईंच्या आजोबांनी ती दारू स्वतः गाळली, स्वतः बांधलेल्या पिंपात भरली आणि निजवली. तेव्हापासून वर्षातून एकदाच तिचं बूच निघायचं. आत लांब नळी सोडून नळीभर वर काढली जायची, उस्ताद चाखून "बरी आहे" म्हणायचे, आणि मग तिचे थोडे थेंब घराण्याच्या सगळ्यात वरच्या बाटलीच्या मिश्रणात पडायचे. त्या थेंबांशिवाय बाटलीवर आजोबांचं नाव लावायचं नाही, असा घरचा दंडक होता.

आज "बरी आहे" आलंच नाही.

"उस्ताद, पुन्हा एकदा बघा," ताई म्हणाल्या. कारखाना त्यांच्या नावावर होता आणि उस्तादांच्या मांडीवर बसून त्या वास ओळखायला शिकल्या होत्या. "मला तर सुरेख लागली."

"सुरेख आहेच. पण ही ती नव्हे. तोंडावर एक हिरवट चावा आहे, कच्च्या नाशपातीच्या सालीसारखा. आपली थोरली कुणाला चावत नाही."

धाकट्यांनी एकदाचा घोट गिळला. ते ताईंचे भाऊ. विक्रीचं सगळं त्यांच्याकडे. "अहो, मी स्वतः काढून आणली. तुमचे हात हल्ली थरथरतात म्हणून यंदा पहिल्यांदाच मी उतरलो. नळी टेकवली न टेकवली तोच भरली. ही बाही बघा, तुमच्या थोरलीने मला आंघोळ घातली."

"मग पिंपातच दुसरं काही आहे."

"पिंपात दुसरं कसं येईल?" हा आवाज प्रयोगशाळेच्या मॅडमचा होता. त्या कधी मोठ्याने बोलत नसत, त्यामुळे त्यांचं बोलणं नेमकं टोचायचं. "थोरलीच्या कोठडीच्या दाराला कुलूप एक, किल्ली एक, आणि ती तुमच्या कमरेला. आज तेवढी धाकट्यांना दिलीत, तीही ताईंसमोर. म्हणजे दोनच गोष्टी संभवतात, उस्ताद. एक तर तुमचं नाक गेलं, नाहीतर थोरली गेली. आणि थोरली गेली असेल तर..."

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. गरजच नव्हती. दारात हातोडी घेऊन उभे असलेले पिंपकाका तेवढे पुढे आले. कारखान्याची सगळी पिंपं बांधणारा, दुरुस्त करणारा हा माणूस उस्तादांचा जुना मित्र. त्यांनी ताटातला एक पेला उचलला, घोट घेतला आणि म्हणाले, "थोरलीच आहे. मी सांगतो. उस्तादला उन्हाळ्यात ताप आला होता ना, तेव्हापासून त्याचं नाक बसलंय."

उस्तादांनी मित्राकडे असं पाहिलं, की कोपऱ्यात विणत बसलेल्या मावशींच्या सुया थांबल्या.

"उद्या सकाळी बैठक आहे," ताई हळूच म्हणाल्या. "तोवर मला ठरवावं लागेल. उस्ताद, मी तुम्हाला निवृत्त करू की..."

"की पोलिसांना बोलावू," उस्तादांनीच ते पुरं केलं. "दोन्हींत नाक माझंच जाणार, ताई. कुठल्या वाटेने जावं तेवढं तुम्ही ठरवा."

मावशींनी विणकाम पिशवीत टाकलं.

"पोरी," त्या भाचीला म्हणाल्या, "उद्या सकाळपर्यंत वेळ आहे म्हणतेस ना? मग ही किल्ली तू स्वतःकडे ठेव, आणि हे उष्टे पेले कुणाला धुवू देऊ नकोस."

२

मावशींनी आयुष्यभर दारूचा थेंब गिळला नव्हता. पण वासाचं त्यांना कुणी शिकवावं अशी परिस्थिती नव्हती. आगीच्या विम्याच्या कंपनीत त्या तपासनीस होत्या. जळलेल्या गोदामात चवड्यावर बसून, राख हुंगून, आग आपोआप लागली की कुणी लावली हे सांगायचं काम. निवृत्त झाल्यावर देवाचं नाव, भाचरं आणि विणकाम एवढंच उरलं होतं. विचार करताना त्या गुणगुणायच्या. सूर कुठल्या भजनाचा ते कुणाला लागत नसे, पण गुणगुणणं थांबलं की समोरचा सावध व्हायचा.

आता गुणगुणणं चालू होतं. उस्ताद आपल्या खोलीत खुर्चीवर बसले होते.

"मला शिकवा," मावशी समोर बसत म्हणाल्या. "थोरली कशी चाखायची?"

उस्तादांना वाटलं होतं, चौकशी होईल. शिकवायचं म्हटल्यावर माणूस सैल झाला.

"पेला तळहातात धरायचा. घाई नाही. पाखरू धरावं तसा. हाताची ऊब लागली की ती जागी होते. मग नाक पेल्यात खुपसायचं नाही, जवळ न्यायचं. तोंड जरासं उघडं. पहिल्यांदा मध येतो. मग जुन्या पेटीत ठेवलेल्या लोकरीचा वास. मग वाळलेली जर्दाळं. मग थांबायचं, आणि देवाची कृपा असेल तर शेवटी एक वास येतो..." ते अडखळले. "पाऊस थांबल्यावर लाकडाच्या वखारीत शिरलात कधी? तो."

"आणि तोंडात?"

"एक थेंब. जिभेवर ठेवायचा आणि काही करायचं नाही. ती स्वतः चालत जाते. आधी गोड, मग मिरीची ऊब, मग मिठासारखं काहीतरी, आणि गिळल्यावर खरी गंमत. जुना गवई बैठक संपवून उठतो, तरी खोलीत सूर राहतो ना? तशी राहते. चांगली राहते. आज मात्र..." त्यांनी मान हलवली. "आज गवई गात होता, पण मागे साथीला बसलेला एक पोरगा मध्येमध्ये पुढे सरकून तोंड घालत होता."

गुणगुणणं क्षणभर थांबलं. "म्हणजे गवई होता?"

"होता ना. तोच तर जीव जातोय. थोरली आहे त्यात. पण एकटी नाही."

"पेले धुवू नका म्हटलं मी. बरोबर केलं?"

उस्तादांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू आलं. "तुम्हाला कुणी सांगितलं? आम्ही पेला झाकून ठेवतो. ओली दारू नखरे करते. रात्रभर वाळली की नखरे उडून जातात, आणि सकाळी रिकाम्या पेल्यात जे उरतं ते खोटं बोलत नाही."

"तापाचं काय झालं होतं?"

"चांगलाच होता. अंथरुणातून उठवेना. आणि नाकाचं म्हणाल, तर चहा आणि गरम पाणी सारखंच. रडलो मी, मावशी. पण आलं परत. नंतर इतर पिंपांचं सगळं मीच चाखलंय, कुठे चूक नाही."

"आणि तेव्हा किल्ली?"

"कमरेलाच," उस्ताद म्हणाले. हे सांगताना मात्र ते खिडकीबाहेर बघत होते, आणि खिडकीबाहेर पिंपांच्या आवाराशिवाय बघण्यासारखं काही नव्हतं.

३

धाकटे मावशींना जिन्यातच भेटले आणि विचारायच्या आधी बोलायला लागले. विक्री करणाऱ्यांचं असंच असतं.

"मावशी, तुला वाटतंय ते मला माहीत आहे. मला उस्ताद नकोत, नवं मिश्रण हवंय. खरंय. बाजारात आजोबांचं नाव घेऊन किती दिवस जगायचं? पण म्हणून मी पिंपात पाणी ओतेन?"

"पाणी ओतलं असं कुणी म्हटलं?"

"एक म्हणायची पद्धत." धाकटे गडबडले. विषय बदलायला त्यांनी तळघराच्या भिंतीकडे बोट केलं. छताजवळ भिंतीवर काळी बुरशी चढली होती, चुलीमागच्या काजळीसारखी. "हे बघ, पाहुण्यांना मी पहिलं हेच दाखवतो. ही बुरशी दारूच्या वाफेवर जगते. लाकडातून दरवर्षी थोडी थोडी उडून जाते. आम्ही त्याला देवाचा वाटा म्हणतो. पाहुणे खूश होतात."

"देवाचा वाटा." मावशींनी ते शब्द तोंडात घोळवून बघितले. "आणि देव थोरलीतूनही घेतो?"

"तिच्यातून तर सगळ्यात जास्त घेत असणार, इतकी वर्षं झाली. आजोबांनाही काही म्हणता आलं नाही, आपण काय म्हणणार."

प्रयोगशाळेत मॅडम एका यंत्राचं झाकण उघडून बसल्या होत्या. उस्तादांचं नाव काढताच त्यांनी पेचकस खाली ठेवला.

"माझं त्यांच्याशी वैर नाही. पण ज्या कारखान्यात एका माणसाच्या सर्दीने वर्षाचा माल अडतो, तो कारखाना नव्हे. मी यंत्र आणलं ते त्यासाठी."

"आणि यंत्र काय म्हणतं?"

मॅडम प्रथमच अवघडल्या. "यंत्र बिघडलंय. आमचं तळघर ओलसर आहे, त्यामुळे पिंपातल्या दारूची ताकद वर्षागणिक उतरते. थोरलीची तर बरीच उतरलेली. आजच्या नमुन्यात ती चढलेली दाखवतंय. म्हातारं माणूस सकाळी उठून तरुण झालं, असं कधी होतं का? म्हणून उघडून बसले."

"बाई," मावशी प्रेमाने म्हणाल्या, "ते झाकण लावून टाका. तुमचं यंत्र आणि उस्तादांचं नाक एकच गोष्ट सांगताहेत. तुम्ही दोघं एकमेकांशी बोलत नाही म्हणून पंचाईत."

मॅडमच्या हातातला स्क्रू टेबलाखाली घरंगळला. त्या तो शोधायला वाकल्याही नाहीत.

४

आवारात हातोडीचा ठोका पडत होता. पिंपकाका एका पिंपाभोवती फिरत लोखंडी कडं बसवत होते. एक पाऊल, एक ठोका. बघत राहावं असं काम.

"काका, ठेका चुकतोय तुमचा," मावशी म्हणाल्या.

"वय झालं." काकांनी हातोडी ठेवली आणि शेजारच्या रिकाम्या पिंपात बादलीभर पाणी ओतलं. मग पुढच्यात. आवारातली बहुतेक सगळी रिकामी पिंपं तोंडापर्यंत पाण्याने भरलेली होती.

"रिकाम्यांना कशाला पाणी पाजता?"

"रिकामं पिंप रुसतं, मावशी. जिथे ओल नाही तिथली फळी आकसते, भेग पडते, मग सगळंच गळायला लागतं. अर्धं पिंप मला बघवत नाही. आमच्या घरात पोरं हसतात मला; पाण्याचा तांब्यासुद्धा मी अर्धा ठेवत नाही."

"उस्तादांशी मैत्री कधीपासूनची?"

"आम्ही एकाच दिवशी कामाला लागलो. तो नाक घेऊन आला, मी हात घेऊन आलो." काका हसले, पण ते हसू लगेच पुसलं गेलं. "त्याला चोर म्हणू नका. काय वाटेल ते म्हणा, पण चोर नका म्हणू. म्हातारा झाला म्हणा."

"तुम्ही तेच म्हणालात, सगळ्यांसमोर. त्याचं नाक बसलं म्हणून."

"मग? नाक गेलेल्या माणसाला निरोपाचा हार मिळतो. चोराला काय मिळतं?"

हे बोलताना त्यांनी बादली इतकी तिरकी केली, की पाणी पिंपात न पडता त्यांच्याच पायावर पडलं. मावशी गुणगुणत निघाल्या. मात्र आवाराच्या फाटकाशी पोचल्या आणि सूर तुटला.

त्या परत वळल्या. "ताई कुठेय? तिला सांगा, किल्ली घेऊन तळघरात ये. आत्ता."

५

दुपारचं ऊन झरोक्यातून तळघरात येत होतं. थोरली आपल्या लाकडी ओंडक्यांवर निवांत पडलेली होती. ताईंनी बूच काढलं. मावशींनी विणायची लांब सुई भोकातून खाली सोडली. बोटाच्या पेराएवढी गेली न गेली तोच ती ओली झाली.

"काठोकाठ," ताई म्हणाल्या. "छान भरलेली आहे की. म्हणजे चोरी नाहीच."

"पोरी, तू लहानपणी खीर चाखून वर दूध घालून ठेवायचीस, आठवतंय? तुझी आई म्हणायची, पातेलं इतकं भरलेलं कसं?"

ताईंच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "देवाचा वाटा," त्या पुटपुटल्या.

"हो. इतक्या वर्षांचा देवाचा वाटा गेला कुठे? पिंप अर्ध्याच्या वर असता कामा नये. कुणीतरी ते वरपर्यंत भरलंय. आणि चोर असता तर त्याने जेवढी होती तेवढीच भरली असती. चोराचं पहिलं काम, बघणाऱ्याला फरक दिसू नये. इतकं भरून ठेवणारा माणूस चोर नाही. त्याला लपवायचंही धड येत नाही."

"मग आतली कुठे गेली?"

मावशी चवड्यावर बसल्या. मग गुडघ्यावर आल्या. मग त्या वयात, नऊवारीसकट त्या चक्क पिंपाखाली शिरल्या आणि मातीच्या जमिनीला नाक लावलं. ताई "मावशी, कंबर" म्हणत राहिल्या.

"गोदामं जळायची ना," खालून आवाज आला, "तेव्हा भिंती खोटं बोलायच्या, मालक खोटं बोलायचे. जमीन नाही. जे सांडतं ते ती पिते आणि धरून ठेवते. ये, इथे ये. लाजू नकोस."

ताई वाकल्या. आधी नुसती माती आली. मग मातीच्या मागून, अगदी हळू, मध आला, जुन्या पेटीतली लोकर आली, आणि मग पाऊस थांबल्यावरची वखार आली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आजोबा ज्या खुर्चीत बसायचे तिच्या पाठीला हाच वास होता.

"थोरली इथे आहे," मावशी म्हणाल्या. "अर्धी पिंपात, अर्धी जमिनीत. कुणी नेली नाही, कुणी विकली नाही. ती गळली." त्यांचा हात पिंपाच्या पोटाखालून सरकत एका जागी थांबला. दोन फळ्यांच्या सांध्यात एक बारीक लाकडी खुंटी ठोकून, घासून, वरून काजळ फासून बेमालूम बसवलेली होती. डोळ्यांना दिसली नसती. बोटाला लागली.

दोघी तशाच मळक्या पदराने उस्तादांच्या खोलीत शिरल्या.

"उस्ताद, एकच प्रश्न," मावशींना धाप लागली होती. "मागच्या वर्षी तुम्ही काढलीत, तेव्हा नळी किती खाली सोडावी लागली?"

"पुरी. वरचं टोक बोटांच्या चिमटीत उरलं होतं. का?"

"आज पिंप काठोकाठ भरलेलं आहे. वरपर्यंत. पाण्याच्या तांब्यासारखं."

उस्तादांची नजर आपोआप खिडकीकडे गेली, जिथे आवारात हातोडी वाजत होती, आणि ती नजर त्यांनी ओढून परत आणली.

"ताई," ते उठून उभे राहिले, "माझं चुकलं. ती थोरलीच असणार. माझं नाक गेलंय. उद्याच्या बैठकीत मला मोकळं करा."

६

सकाळी सगळे चाखायच्या खोलीत जमले. टेबलावर आदल्या दिवशीचे उष्टे पेले झाकून ठेवलेले होते, आणि त्यांच्या बाजूला मावशींची विणकामाची पिशवी.

"चोरी झालेली नाही," मावशींनी सुरुवात केली. काल काय काय बघितलं ते त्यांनी पहिल्यापासून सांगितलं. सांगायची त्यांची रीत अशी होती की ऐकणारा पुढे पुढे सरकत जाई. धाकट्यांची भिजलेली बाही आली, मॅडमचं शहाणं यंत्र आलं, जमिनीतला वास आला, काजळ फासलेली खुंटी आली. "उस्ताद तापाने अंथरुणावर होते. थोरली ठीक आहे ना हे बघायला चक्कर तर रोज व्हायला हवी. किल्ली कमरेबाहेर जाऊ नये हा दंडक. तरी ती गेली. कुणाकडे, ते उस्ताद सांगणार नाहीत, आणि मी त्यांना विचारणारही नाही."

"मग कळणार कसं?" धाकटे खुर्चीच्या कडेवर आले होते.

"आधी दुसरा निकाल लावू. उस्तादांचं नाक आहे की गेलं? तो पेला काल थोरली म्हणून आलेल्या दारूचा. रात्रभर वाळलाय. उस्ताद, तुम्हीच म्हणालात, रिकामा पेला खोटं बोलत नाही."

उस्तादांनी झाकण काढलं. पेला नाकाजवळ नेला. डोळे मिटले.

खोलीतल्या प्रत्येकाने बघितलं, कुणालाही शंका राहिली नाही. त्या म्हाताऱ्या चेहऱ्यावर आधी ओळख उमटली, हरवलेलं माणूस गर्दीत दिसावं तशी. मग कपाळावर आठी आली, दुसरं कुणीतरी शेजारी दिसल्यासारखी. ओठ हलले. नाव अगदी जिभेवर आलं होतं.

मग त्यांनी डोळे उघडले. समोर दारापाशी पिंपकाका उभे होते.

"मला काही येत नाही," उस्ताद म्हणाले. "नुसती काच आहे. माझं नाक गेलंय, ताई. मी काल सांगितलं ना."

ताईंनी मान खाली घातली. मॅडम काही बोलायला गेल्या, पण मावशींनी हात वर करून त्यांना थांबवलं. त्या वाट बघत होत्या. त्यांच्या गुणगुणण्याचा मागमूस नव्हता.

दारात हातोडी खाली पडली.

"खोटं बोलतोय तो," पिंपकाका म्हणाले. "त्याला सगळं आलंय. थोरली आलीय, आणि तिच्यात मी घातलेली उत्तरेच्या भिंतीजवळची कोवळी दारू, तीही आलीय. कुठल्या पिंपातली तेही सांगेल तो. अरे, सांग ना. माझ्यासाठी नाक का कापून देतोस?"

"तू गप्प बस," उस्ताद म्हणाले.

"आयुष्यभर गप्पच आहे. बोलायचं काम तुझं, ठोकायचं माझं." काका पुढे आले. "ताई, त्याने किल्ली मला दिली. मी रोज चक्कर मारायचो. थोरलीचं एक कडं मला जरा सैल वाटलं. आजोबांच्या हातचं पिंप, त्याला हात लावायचा नाही हे मला माहीत होतं. पण मला राहवेना. लाडाने दोन ठोके दिले, घट्ट बसवलं, कुलूप लावून घरी गेलो. सकाळी येतो तो जमीन ओली. जुन्या फळीचा सांधा उलला होता. ठोका माझा होता."

"मग सांगितलं का नाही?" ताईंचा आवाज दुखावलेला होता, रागावलेला नव्हता.

"तो तापात पडलेला. किल्ली त्याच्या कमरेची. अर्धंमुर्धं पिंप बघून तुम्ही त्याला चोर म्हणाल असं वाटलं. आणि उरलेली थोरली वरच्या फळ्या आकसून पुन्हा गळली असती. खुंटी ठोकली आणि भरलं. मला भरायचं म्हणजे वरपर्यंतच येतं." त्यांनी कपाळ पुसलं. "वाटलं, तापातून उठलेलं नाक, त्याला कळणार नाही. आणि त्याला एका घोटात कळलं. मला इतका आनंद झाला, ताई, आणि त्याच क्षणी मी तुमच्यासमोर म्हणालो की त्याचं नाक गेलं."

"मला तापात वाटायचं, नाक परत येईल ना," उस्ताद हळूच म्हणाले. "हा रोज संध्याकाळी येऊन उशाशी काहीतरी धरायचा. लाकडाचे तुकडे, साली. हुंग म्हणायचा. हुंग."

मग मावशींनी पिशवीत हात घालून विणकाम काढलं. त्याच्या आत गुंडाळलेली एक काचेची बरणी होती.

काकांचा चेहरा पांढराफटक पडला.

"काल संध्याकाळी तुमच्या आवारात गेले होते, काका," मावशी म्हणाल्या. "भरलेल्या पिंपांच्या रांगेत एकच पिंप कोरडं. ज्या माणसाला रिकामं पिंप बघवत नाही, त्याने एक कोरडं ठेवलंय म्हणजे आत काहीतरी आहे ज्याला पाणी लागता कामा नये. म्हणून झाकण उघडलं. हे काय आहे ते तुम्ही सांगता की उस्तादांना विचारू?"

"गळत होती तेव्हा खाली धरली होती," काका जेमतेम म्हणाले. "जेवढी मिळाली तेवढी. ओठाला लावली नाही, देवाशपथ. सांगितलं असतं तर कोण विश्वास ठेवणार? चोराच्या घरात माल सापडला म्हणाले असते."

७

बरणी अर्धीच होती. ताईंनी ती स्वतः उस्तादांच्या पेल्यात कलती केली. जाड, संथ, काळवंडलेल्या सोन्याच्या रंगाची धार पडली. उस्तादांनी पेला तळहातात घेतला. ऊब लागू दिली त्यांनी. घाई नाही.

मग नाक जवळ नेलं.

"मध," ते म्हणाले. सगळे ऐकत होते. "पेटीतली लोकर. जर्दाळं." आणि मग बराच वेळ नुसता श्वास. मॅडम नकळत पुढे वाकल्या होत्या. यंत्राला जे ऐकू येत नाही ते ऐकायला.

त्यांनी एक थेंब जिभेवर घेतला. काही केलं नाही. थेंब चालत गेला. चेहऱ्यावरून कळत होतं तो कुठवर पोचला: इथे गोड, इथे मिरीची ऊब, इथे मीठ. घसा हलला. खोलीतून बैठक उठून गेली आणि सूर राहिला. राहिला. अजून राहिला.

"बरी आहे," उस्ताद म्हणाले.

धाकट्यांनी टाळी वाजवली आणि एकट्यानेच वाजवली हे कळून हात खिशात घातले. ताई रडत हसत होत्या. मिश्रणाचे थेंब त्या दिवशी या बरणीतूनच पडले आणि बाटलीला आजोबांचं नाव लागलं. पिंपातली मिसळलेली दारू वेगळ्या नावाने विकायची असं ठरलं. ते नाव शोधायला धाकट्यांना आयताच हुरूप आला. काकांना शिक्षा काय, असं मॅडमनी विचारलं, तेव्हा ताई म्हणाल्या, "थोरलीच्या धड राहिलेल्या फळ्यांचं एक छोटं पिंप बांधा. बरणीत ती किती दिवस राहणार? आणि किल्ली आता दोघांकडे. तापाला काय, तो पुन्हा येईल."

ते पिंप काकांनी बांधलं. मांडीवर मावेल एवढं. एक पाऊल, एक ठोका, आणि ठेका कुठे चुकला नाही. मावशी परत जायला निघाल्या त्या दिवशी ते तळघरात, जुन्या जागी ठेवलं. उस्तादांनी बरणी ओतली. छोट्या पिंपातही ती पुरती वरपर्यंत आली नाही. थोडी जागा राहिली.

काकांचा हात सवयीने नळीकडे गेला, दुसऱ्या पिंपातलं घालून ती जागा भरायला.

उस्तादांनी त्यांचं मनगट धरलं. "राहू दे," ते म्हणाले. "ती त्याची जागा आहे."

काकांनी एकदा त्या रिकाम्या बोटभर जागेकडे बघितलं, एकदा छताजवळच्या काळ्या भिंतीकडे. मग हात मागे घेतला आणि बूच लावलं. बाहेर जिन्यात मावशी गुणगुणत होत्या, आणि या वेळी भजन कुठलं ते दोघांनाही ओळखू आलं.